‘मेथी कशी दिली?’ हे इंग्रजीत कसे विचारावे: भाव सांगताना क्रियापदाचा काळ

मंडईत उभे राहून आपण भाजीवालीला विचारतो, ‘मावशी, मेथी कशी दिली?’ मेथीची जुडी अजून तिच्याच पाटीत असते, पैसे आपल्याच खिशात असतात, सौदा व्हायचा असतो, आणि तरीही क्रियापद भूतकाळी असते. पिशवी भरून झाली की आपण पुन्हा विचारतो, ‘किती झाले?’ हेही भूतकाळी, आणि पैसे मात्र अजून द्यायचेच असतात. मराठी कानाला यात काहीच खटकत नाही, कारण आपल्या बाजारभाषेत ‘दिली’ आणि ‘झाले’ ही रूपे गेलेला काळ दाखवत नाहीत, दर किंवा हिशेब ठरलेला आहे एवढेच दाखवतात. अडचण सुरू होते ती ही वाक्ये जशीच्या तशी इंग्रजीत नेताना. प्रौढांना बोलण्याचे इंग्रजी शिकवताना ‘हाऊ डिड यू गिव्ह धिस?’ आणि ‘हाऊ मच बिकेम?’ ही दोन वाक्ये मी इतक्या वेळा ऐकली आहेत की नव्या वर्गाच्या पहिल्याच तासाला मी मेथीपासूनच सुरुवात करतो.

भावाविषयी इंग्रजीत बोलण्यापूर्वी मराठी क्रियापदाचा काळ क्षणभर बाजूला ठेवावा आणि हा भाव कोणत्या वेळेचा आहे, एवढेच स्वतःला विचारावे. वस्तूवर आता लावलेला भाव, मी पैसे मोजले त्या वेळचा भाव, वर-खाली झालेला भाव आणि पुढे लागू होणारा भाव, या चार वेळा वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचे क्रियापद वेगळे आहे.

आता लागू असलेल्या भावासाठी साधा वर्तमानकाळ पुरतो. ‘मेथी कशी दिली?’ याचे सरळ इंग्रजी ‘हाऊ मच इज द मेथी?’ असे होते, आणि वस्तू अनेकवचनी असेल तर ‘हाऊ मच आर द ओनियन्स?’ असे. ‘कॉस्ट’ हे क्रियापद वापरायचे असेल तर ‘हाऊ मच डझ इट कॉस्ट?’ असे विचारावे आणि ‘इट कॉस्ट्स फिफ्टी रुपीज’ असे सांगावे. येथे शेवटच्या ‘स’कडे फार लक्ष द्यावे लागते. ‘कॉस्ट’ हे इंग्रजीतील त्या मोजक्या क्रियापदांपैकी आहे ज्यांची तिन्ही रूपे एकसारखी असतात: वर्तमानातही ‘कॉस्ट’, भूतकाळातही ‘कॉस्ट’, आणि तिसरे रूपही ‘कॉस्ट’. त्यामुळे एकवचनी वस्तूच्या बाबतीत वर्तमान आणि भूत यांच्यातला सगळा फरक त्या एका ‘स’वर उभा असतो. ‘इट कॉस्ट्स फिफ्टी’ म्हणजे ती वस्तू पन्नासला मिळते. ‘इट कॉस्ट फिफ्टी’ म्हणजे ती पन्नासला पडली. घाईत ‘स’ गिळला की ऐकणाऱ्याला वाटते, हा स्वतःच्या जुन्या खरेदीविषयी सांगतो आहे. अनेकवचनात तर ‘दे कॉस्ट फिफ्टी’ हे वाक्य दोन्ही अर्थांचे होऊ शकते आणि संदर्भावरूनच उलगडते. तेथे शंका राहू नये म्हणून ‘दे आर फिफ्टी’ किंवा ‘दे वर फिफ्टी’ म्हणणे अधिक स्वच्छ.

‘कॉस्टेड’ हे रूप चूक आहे असे शाळेत सांगितले जाते, आणि रोजच्या बोलण्यापुरते ते खरेच आहे. मात्र कंत्राटदार किंवा हिशेबनीस एखाद्या कामाच्या खर्चाचा अंदाज काढतो तेव्हा ‘द प्रोजेक्ट वॉज कॉस्टेड अॅट टेन लाख रुपीज’ असे लिहिले जाते आणि ते बरोबर असते. शर्ट, रिक्षा, भाजी यांच्यासाठी ‘कॉस्टेड’ कधीही वापरू नये. प्रश्नात ‘डिड’ आल्यावर पुन्हा भूतकाळ लावण्याची सवयही याच ठिकाणी डोके वर काढते. ‘हाऊ मच डिड इट कॉस्ट?’ एवढेच पुरे.

मराठी माणसाची दुसरी मोठी अडचण म्हणजे अपूर्ण वर्तमानकाळ. आपण म्हणतो, ‘हा फोन वीस हजाराला पडतोय’, आणि त्याचे ‘धिस फोन इज कॉस्टिंग ट्वेंटी थाउजंड’ करून मोकळे होतो. भारतात हे वाक्य इतके रुळले आहे की समोरचा मराठी, गुजराती किंवा तमिळ असेल तर त्याला काही वावगे वाटणार नाही. प्रमाण इंग्रजीत मात्र किंमत ही चालू असलेली क्रिया मानली जात नाही, ती वस्तूची स्थिती मानली जाते, आणि स्थिती सांगणारी क्रियापदे सहसा अपूर्ण काळ घेत नाहीत. फोन वीस हजाराचा ‘असतो’, तो वीस हजाराचा ‘होत राहत’ नाही, म्हणून ‘धिस फोन कॉस्ट्स ट्वेंटी थाउजंड’. अपवाद आहे, आणि तो उपयोगाचा आहे: खर्च अजून संपलेला नाही, दिवसागणिक वाढतो आहे, असे सांगायचे असेल तर ‘इज कॉस्टिंग’ अगदी चपखल बसते. घराची डागडुजी तीन महिने चालली आहे आणि गवंडी रोज नवी यादी हातात ठेवतो आहे, अशा वेळी ‘द रिपेअर्स आर कॉस्टिंग अस अ फॉर्च्युन’ असेच म्हणायला हवे. तेथे साधा वर्तमानकाळ त्या यजमानाच्या त्राग्याला न्याय देणार नाही.

मग ‘कांदा आज काय भावाने जातोय?’ याचे काय करावे? येथे दोष काळाचा नसून क्रियापदाच्या निवडीचा आहे. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव क्विंटलवर होतो आणि तेथे सकाळी निघालेला भाव दुपारी टिकेलच असे नाही. म्हणजे मराठीने ‘जातोय’ म्हणून जी हलती स्थिती पकडली आहे ती खरी आहे. इंग्रजीत ती पकडायची तर ‘कॉस्ट’ सोडून विक्रीचे क्रियापद घ्यावे: ‘व्हॉट आर ओनियन्स सेलिंग फॉर टुडे?’ किंवा बोलण्याच्या ढंगात ‘व्हॉट आर ओनियन्स गोइंग फॉर?’ उत्तरही तसेच: ‘दे आर सेलिंग अॅट फिफ्टीन हंड्रेड रुपीज अ क्विंटल’. शेतकऱ्याच्या बाजूने, म्हणजे मालाला काय मिळते आहे या अंगाने बोलायचे असेल तर ‘ओनियन्स आर फेचिंग’ हा प्रयोग वापरतात. विकणे, जाणे, मिळवून देणे या क्रिया आहेत, त्यामुळे त्या अपूर्ण काळात निर्धास्तपणे चालतात. माझ्या मते व्यापारी घरातल्या मुलांना ‘कॉस्ट’पेक्षा ‘सेल’ आधी शिकवावे. त्यांच्या घरातले मराठी त्याच क्रियापदाला जवळचे आहे.

‘किती झाले?’ या प्रश्नाकडे आता परत येऊ. एकूण रकमेसाठी इंग्रजी साधा वर्तमानकाळ वापरते: ‘हाऊ मच इज इट ऑलटुगेदर?’ किंवा ‘हाऊ मच डझ इट कम टू?’ दुकानदाराचे उत्तर ‘दॅट्स टू हंड्रेड अँड फॉर्टी’, ‘इट कम्स टू टू हंड्रेड अँड फॉर्टी’ किंवा ‘दॅट विल बी टू हंड्रेड अँड फॉर्टी’ असे असते. शेवटच्या वाक्यातला ‘विल’ पाहून पैसे उद्या द्यायचे आहेत असे समजू नये. तो भविष्यकाळ नसून गल्ल्यावरचा शिष्टाचार आहे, आणि आकडा सांगताना आवाज जरा मऊ करण्याचे काम करतो. त्याच गल्ल्यावरची आणखी एक सवय: रक्कम कितीही मोठी असली तरी इंग्रजीत ती एकवचनी धरतात. आपण ‘पाचशे रुपये जास्त आहेत’ म्हणतो, इंग्रजीत ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज इज टू मच’. ‘आर’ येथे चालत नाही, कारण मनात पाचशे सुटी नाणी नसून एक रक्कम असते.

सौदा झाला, पैसे दिले, घरी आलो की भाव भूतकाळात जातो आणि तो तेथेच राहतो. शेजारच्या काकूंनी ‘ही कुकरची शिट्टी केवढ्याला घेतलीस?’ असे विचारले, तर दुकानात आजही तोच भाव असला तरी उत्तर ‘इट कॉस्ट मी नाइन्टी रुपीज’ किंवा ‘आय पेड नाइन्टी रुपीज फॉर इट’ असेच द्यावे. तुम्ही दुकानाच्या भावाविषयी बोलत नसून तुमच्या खरेदीविषयी बोलत आहात. काकूंना स्वतःसाठी शिट्टी आणायची असेल आणि त्या भाव काढत असतील, तर मात्र ‘इट कॉस्ट्स नाइन्टी’ सांगितले पाहिजे. एकच वस्तू, एकच आकडा, आणि विचारणाऱ्याच्या हेतूवरून काळ बदलतो.

याच्या उलट चूक दुकानात होते आणि ती महागात पडते. माझा एक विद्यार्थी पैठणीच्या दुकानात विक्रीला होता आणि मी काही कामाने तेथे बसलो होतो. परदेशातून आलेल्या एका बाईंनी एक पैठणी उलगडायला लावली, पदर हातात घेऊन पाहिला आणि किंमत विचारली. याने ‘धिस वॉज ट्वेल्व्ह थाउजंड’ असे सांगितले. बाईंनी पदर खाली ठेवला, त्याच्याकडे पाहिले आणि हसून विचारले, ‘अँड नाऊ?’ याच्या डोक्यात मराठीतले ‘ही बारा हजाराची होती’ हे सौम्य वाक्य होते. त्यांच्या कानाने मात्र किंमत उतरली आहे असे ऐकले. पुढची दहा मिनिटे ती किंमत उतरलेली नाही हे समजावण्यात गेली, आणि शेवटी ती थोडी उतरवावीच लागली. आता लागू असलेली किंमत सांगताना ‘वॉज’ वापरले की इंग्रजी ऐकणारा पुढच्या ‘नाऊ’ची वाट पाहतो. सेलच्या पाट्यांवर ‘वॉज 999, नाऊ 599’ असे छापतात ते याच अपेक्षेच्या जोरावर. खरोखरच किंमत कमी करून द्यायची असेल, ‘बाराची होती, तुम्हाला अकराला देतो’ असे म्हणायचे असेल, तर मात्र ‘इट वॉज ट्वेल्व्ह, बट यू कॅन हॅव इट फॉर इलेव्हन’ हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे.

एका ठिकाणी चालू भावासाठीही ‘वॉज’ शोभते. समोरच्याने किंमत सांगितली, आपल्याला ऐकू आली नाही, तर ‘सॉरी, हाऊ मच वॉज इट?’ असे विचारतात. हा भूतकाळ किमतीचा नाही, समोरच्याच्या बोलण्याचा आहे. मराठीतही आपण ‘किती म्हणालात?’ असेच विचारतो, त्यामुळे हे वळण शिकवावे लागत नाही.

भाव बदलल्याचे सांगणे हा सर्वांत अवघड भाग आहे. आधी एक जोडी मनात पक्की करावी. मराठीत ‘वाढणे’ आणि ‘वाढवणे’ ही वेगळी क्रियापदे आहेत. इंग्रजीत भाव आपोआप वाढला तर ‘राइज’, कोणी वाढवला तर ‘रेझ’. पहिल्याची रूपे राइज, रोझ, रिझन. दुसऱ्याची रेझ, रेझ्ड, रेझ्ड. म्हणून ‘प्राइसेस रोझ’, पण ‘दे रेझ्ड द प्राइसेस’. बोलताना गोंधळ होत असेल तर ‘गो अप’ आणि ‘पुट अप’ ही साधी जोडी घ्यावी.

आता काळ. मुंबईच्या बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे या कामासाठी उत्तम उदाहरण आहे. 9 जुलै 2019 रोजी ते 8 रुपयांवरून 5 रुपयांवर आणले गेले, जवळजवळ सहा वर्षे ते 5 रुपयेच राहिले, आणि 9 मे 2025 रोजी ते 10 रुपये झाले. यातल्या ज्या घटनेला तारीख आहे तिला साधा भूतकाळ लागतो: ‘बेस्ट कट द मिनिमम फेअर टू फाइव्ह रुपीज इन जुलै 2019’ आणि ‘द फेअर वेंट अप टू टेन रुपीज इन मे 2025’. (जाता जाता, ‘कट’ हेही ‘कॉस्ट’सारखेच तिन्ही रूपांत सारखे राहणारे क्रियापद आहे.) तारीख न सांगता केवळ आजची परिस्थिती दाखवायची असेल तर पूर्ण वर्तमानकाळ: ‘द फेअर हॅज डबल्ड’, भाडे दुप्पट झाले आहे. दोन्ही एकत्र करता येत नाहीत, आणि मराठी माणूस नेमके तेच करतो, कारण मराठीत ‘भाडे मे महिन्यात वाढले आहे’ किंवा ‘काल पेट्रोल वाढले आहे’ या वाक्यांना कोणी हरकत घेत नाही. इंग्रजीत ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन मे’ असा संपलेल्या वेळेचा शब्द आला की ‘हॅज’ आणि ‘हॅव’ यांना जागा उरत नाही. ‘द प्राइस हॅज गॉन अप यस्टरडे’ हे वाक्य ऐकायला कितीही सवयीचे वाटले तरी चूकच आहे. एक तर ‘वेंट अप यस्टरडे’ म्हणावे, नाही तर ‘यस्टरडे’ गाळून ‘हॅज गॉन अप’ म्हणावे.

याहून खोल रुतलेली चूक ‘पासून’ची आहे. आपण म्हणतो, ‘मे 2025 पासून भाडे दहा रुपये आहे.’ ‘आहे’ हा सरळ वर्तमानकाळ, म्हणून विद्यार्थी ‘द फेअर इज टेन रुपीज सिन्स मे 2025’ लिहितात. इंग्रजीत मागच्या एका क्षणापासून आजपर्यंत चालत आलेली स्थिती पूर्ण वर्तमानकाळात सांगावी लागते: ‘द फेअर हॅज बीन टेन रुपीज सिन्स मे 2025’. ‘सिन्स’ दिसला की ‘इज’ खोडून ‘हॅज बीन’ लिहावे, असा यांत्रिक नियम मी मुलांना देतो. मला यांत्रिक नियम आवडत नाहीत, पण हा बहुतेक वेळा खरा ठरतो. सहा वर्षांचा तो पाच रुपयांचा काळ मात्र संपला आहे, म्हणून त्यासाठी ‘इट वॉज फाइव्ह रुपीज फॉर ऑलमोस्ट सिक्स इयर्स’. ‘फॉर’ असूनही येथे ‘हॅज बीन’ येत नाही, कारण तो काळ आजला येऊन भिडत नाही. आणि भाडे वाढले त्या दिवशी उभे राहून मागे पाहायचे असेल तर पूर्ण भूतकाळ: ‘इट हॅड बीन फाइव्ह रुपीज फॉर ऑलमोस्ट सिक्स इयर्स व्हेन इट वेंट अप’. रोजच्या बोलण्यात या शेवटच्या वाक्याची गरज क्वचित पडते.

वाढ अजून चालूच असेल तर अपूर्ण वर्तमानकाळाला मोकळे रान आहे. ‘प्राइसेस आर रायझिंग’ हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे, कारण वाढणे ही क्रिया आहे, किंमत असणे ही स्थिती. आणि आजोबा ‘आमच्या वेळी चार आण्याला चहा मिळायचा’ असे सांगतात तेव्हा त्यांच्या रीति भूतकाळाला इंग्रजीत तयार जोडीदार आहे: ‘टी युज्ड टू कॉस्ट फोर आनाज’. ‘युज्ड टू’मध्ये आता तसे राहिले नाही हे आपोआप येते, वेगळे सांगावे लागत नाही.

पुढच्या भावाविषयी बोलताना मराठी काही ठिकाणी मदत करते. ‘एक तारखेपासून रिक्षा वाढतेय’ असे आपण वर्तमानकाळात म्हणतो, आणि इंग्रजीतही जाहीर झालेल्या बदलासाठी तेच चालते. मुंबईत 1 फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचे किमान भाडे 23 रुपयांवरून 26 रुपये झाले. आदल्या आठवड्यात त्याविषयी बोलणारा ‘द फेअर इज गोइंग अप टू ट्वेंटी-सिक्स रुपीज ऑन द फर्स्ट’ असे म्हणू शकत होता. कारागिराने खर्चाचा अंदाज द्यायचा असेल तर ‘इट विल कॉस्ट अबाउट टू थाउजंड’. आपण विचारणारे असू आणि काम करायचे की नाही हे अजून ठरलेले नसेल, म्हणजे मनात ‘करायचं म्हटलं तर किती येईल?’ असा सूर असेल, तर ‘विल’ऐवजी ‘वुड’ घ्यावा: ‘हाऊ मच वुड इट कॉस्ट टू पेंट द हॉल?’ एवढ्या बदलाने समोरच्याला कळते की आपण अजून होकार दिलेला नाही.

‘भाव उतरला तर घेईन’ येथे मात्र मराठी पुन्हा फसवते. ‘उतरला’ दिसते भूतकाळी, अर्थ पुढचा. त्याचे ‘इफ द प्राइस केम डाउन, आय विल बाय इट’ करू नये. ‘इफ द प्राइस कम्स डाउन, आय विल बाय इट’ हे बरोबर. ‘केम डाउन’ आणि त्यापुढे ‘आय वुड बाय इट’ असे म्हटले तर वाक्य शुद्धच असते, पण त्यातून भाव उतरेल अशी आपल्याला फारशी आशा नाही असे सूचित होते. सोन्याविषयी बोलताना कदाचित तेच वापरावे लागेल.

लिहिण्याच्या बाबतीत दोनच गोष्टी. आयेल्ट्स या इंग्रजी भाषेच्या परीक्षेच्या अकॅडेमिक प्रकारात पहिल्या लेखनप्रश्नात बरेचदा आलेख देतात आणि किमान 150 शब्दांत त्याचे वर्णन मागतात. आलेखावरची वर्षे संपलेली असतील, उदाहरणार्थ 1990 ते 2010, तर संपूर्ण वर्णन साध्या भूतकाळात ठेवावे: ‘द प्राइस रोझ फ्रॉम ट्वेंटी टू थर्टी’, ‘इट फेल बाय टेन’. आलेख आता डोळ्यांसमोर आहे म्हणून वर्तमानकाळात घसरणे ही नेहमीची चूक आहे. वर्तमानकाळ फक्त ‘द ग्राफ शोज’ या पहिल्या वाक्यापुरता. आणि इंग्रजी वर्तमानपत्राच्या मथळ्यांवरून काळ शिकू नये. आपले मथळे ‘सोने महागले’, ‘कांदा गडगडला’ असे भूतकाळात असतात, तर इंग्रजी मथळा झालेली गोष्टही ‘ओनियन प्राइसेस फॉल’ अशी वर्तमानकाळात सांगतो आणि होणारी गोष्ट ‘फेअर्स टू राइज’ अशी, क्रियापद अर्धेच ठेवून. बातमीची पहिली ओळ वाचली की तेच क्रियापद ‘फेल ऑन मंडे’ असे आपल्या जागी आलेले दिसते. वहीत उतरवून घ्यायची ती ओळ.